दहा क्विंटलची कॉफी

अर्धापुरात नव्वदच्या दशकात कॉफी मिळायची ती लग्नात. रात्रीच्या स्वागत समारंभात जेवणाच्या पंगतीपासून जरा लांब, गॅसवर ठेवलेला चकचकीत बॉयलर, त्यातून निघालेली वाकडी नळी आणि नळीखाली स्टीलचा मग धरून उभा असलेला पोऱ्या. मगात दूध, साखर, चमचाभर इन्स्टंट पूड. चावी फिरवली की फुर्रर्र आवाज, काठापर्यंत फेस आणि वर चॉकलेट पावडरीची चिमूट. तिचं नाव 'एक्सप्रेसो'. दुसरीतल्या एका पोराला नवरा-नवरीपेक्षा हा बॉयलर जास्त बघण्यासारखा वाटायचा.

पोराच्या घरी केळीची बाग, थोडी हळद, बाकी सोयाबीन. प्यायला चहा, आणि तोही उकळून उकळून लाल केलेला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नांदेडकडच्या लोकांना मोठं शहर म्हटलं की हैदराबाद आठवायचं, आणि हैदराबाद म्हटलं की इराणी चहा. कॉफीला या सगळ्यात कुठंच जागा नव्हती. आजारी माणसाला जायफळ घालून द्यायची ती कॉफी, एवढीच काय ती तिची घरातली ओळख.

पुढं तो नांदेडला इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला आणि एका कॅफेत हौसेनं 'एस्प्रेसो' मागवून फसला. फेसाचा मग येईल म्हणून वाट बघितली, तर बोटभर उंचीच्या कपात काळंकुट्ट, कडवट काहीतरी आलं. दोन घोट. लग्नातला पोऱ्या आपल्याला इतकी वर्षं काय पाजत होता, हा प्रश्न त्याला तिथं पडला.

पोऱ्या अगदीच खोटं बोलत नव्हता. तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोनं १८८४ मध्ये आणि मिलानच्या लुईजी बेझेरानं १९०१ मध्ये ज्या यंत्रांची पेटंटं घेतली, ती वाफेच्याच जोरावर चालणारी होती. फरक इतकाच, की तिथं वाफेच्या दाबानं पाणी कॉफीतून ढकललं जायचं आणि अर्धापुरात वाफ नुसतं दूध तापवायची. नुसत्या वाफेचा दाब फार तर दीड-दोन बार. आकिले गाजियानं दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगचा दांडा लावून तो आठ-नऊ बारपर्यंत नेला, तेव्हा कुठं कॉफीवर सोनेरी तपकिरी साय आली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्रात दांड्याऐवजी विजेचा पंप आला. आज घराघरांतली छोटी यंत्रं या पंपाच्याच वंशातली.

२०२० च्या टाळेबंदीत तो लॅपटॉप घेऊन गावी आला आणि राहिलाच. सहा-सात हजारांचं पहिलं मशीन तेव्हा घेतलेलं. खोक्यावर '१५ बार' असं ठळक छापलेलं. दळायला घरातला चटणीचा मिक्सर. तरी पहिल्याच दिवशी वर साय! तो हरखला. ही साय कॉफीची नव्हती, चाळणीची होती, हे त्याच्या महिन्याभरानं लक्षात आलं. अशा मशीनच्या चाळणीला दुहेरी तळ असतो आणि खालच्या तळाला एकच बारीक छिद्र. शिळी पूड घाला नाहीतर जाडीभरडी, त्या छिद्रातून बाहेर पडताना फेस होणारच. '१५ बार' ही तर पंपाची कमाल ताकद. कॉफीला लागतात नऊच्या आसपास.

साध्या चाळणीवर आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. मिक्सरच्या पुडीत पीठही असतं आणि खडेही. पिठातून कडूपणा जास्त उतरतो, खड्यांतून आंबटपणाच तेवढा येतो, आणि दोन्ही एकाच कपात. म्हणून नवं मशीन घ्यायच्या आधी त्यानं दात्यांचा हातग्राइंडर घेतला, सोबत सराफाच्या काट्यासारखा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. त्या दोन वस्तूंनी जेवढा फरक पडला, तेवढा पुढच्या महागड्या मशीननंही पडला नाही. हे तो आज कबूल करतो. तेव्हा कबूल केलं असतं तर पैसे वाचले असते.

मशीन आलं २०२४ च्या दिवाळीत. ५८ मिलिमीटरची चाळणी, पितळी बॉयलर, तापमान धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर. किंमत पन्नास हजारांच्या घरात. वडिलांनी हिशोब सोयाबीनमध्ये मांडला. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे दहा क्विंटल. बाजारात तेवढा भाव मिळतच नव्हता, म्हणजे बाराच्या वर. "आणि निघतंय किती त्यातून? औषधाएवढं!" एवढं बोलून ते बागेकडं गेले.

माप ठरलेलं होतं. १८ ग्रॅम पूड आत, ३६ ग्रॅम कॉफी बाहेर, २५ ते ३० सेकंदांत. सकाळी सहाला हे गणित बरोबर यायचं. संध्याकाळी सातला तीच बी, तेच माप, तेच दळण, आणि कॉफी आंबट, पातळ, कधी थेंब थेंब गळणारी. त्यानं दळण बारीक केलं. मग आणखी बारीक. कॉफी आणखी बिघडली.

कारण वडिलांना ठाऊक होतं, फक्त ते कॉफीतलं आहे हे ठाऊक नव्हतं. इसापूर धरणाचं पाणी केळीला देताना सरीत कुठं उंदराचं बीळ असलं, की सगळं पाणी तिथूनच फुटतं आणि बाकीची सरी कोरडी राहते. नऊ बार दाबाचं पाणी पुडीतली अशीच फट शोधतं. दळण फार बारीक झालं की काही भाग गच्च होतो आणि उरलेल्यातून पाणी वाट काढतं. 'मॅटर' या नियतकालिकात २०२० मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं. बारीक दळून जास्त पूड घालण्यापेक्षा जराशी जाड दळून कमी पूड घातली, तर दर कप सारखा येण्याची शक्यता वाढते. त्यानं दळण दोन खुणा जाड केलं. सकाळ आणखी सुधारली.

संध्याकाळ मात्र तशीच. आई म्हणाली, "रोज काय खुटखुट करायलास रे? त्याच्यापेक्षा चहा टाक."

उलगडा झाला एका रात्री, ट्यूबलाइट चालू व्हायला तयार नव्हती तेव्हा. रब्बीच्या दिवसांत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात विजेचा दाब कोसळतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यानं मीटर लावला: १८० व्होल्ट. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे २३० वरून १८० वर आलं की ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी. १,४०० वॉटचं यंत्र साडेआठशेवर. पंपाचा जोरही गेलेला. पीआयडीनं बिचाऱ्यानं कितीही हुकूम सोडले, तरी हुकूम पाळायला कॉइलमध्ये दम नको? चार वर्षं नांदेडात इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला हे सुचायला सहा आठवडे लागले.

फ्रिजला लावतात तसा, पण दोन केव्हीएचा स्टॅबिलायझर आला आणि संध्याकाळ सकाळसारखी झाली.

पाण्याची गोष्ट थोडक्यात. बोअरचं पाणी जड, त्यानं बॉयलरमध्ये क्षार धरतात. आरओचं पाणी इतकं हलकं की कॉफी सपक लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशननं लिटरला १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार हे लक्ष्य सांगितलंय. तो आरओच्या पाण्यात फिल्टर केलेलं बोअरचं थोडं पाणी मिसळून टीडीएस मीटरवर तो आकडा गाठतो.

बिया बहुतेक चिकमंगळूरकडच्या. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात मोख्याहून सात बिया आणल्याची कथा तिथलीच. एकदा तो महाराष्ट्रातलं कॉफीचं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याला मुद्दाम जाऊन आला, पण हाती लागली ती दळलेली पुडी. ती आईनं दुधात उकळली. छान झाली होती.

आता भाच्याच्या लग्नात बॉयलरवाला येणार आहे, आणि तो स्वतः तिथं रांगेत उभा राहणार आहे, चॉकलेट पावडरीसकट. कुणाला घरी मशीन घ्यायचंच असेल तर त्याचं सांगणं एवढंच असतं: आधी ग्राइंडर घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी संध्याकाळी सात वाजता आपल्या घरातले व्होल्ट मोजा.