थॉमसन मार्गावरचे महाविद्यालय आणि आपली पेढी

न्यूयॉर्क शहराचा क्वीन्स हा विभाग पर्यटकांच्या यादीत सहसा नसतो. शहराचे दोन्ही मोठे विमानतळ येथेच आहेत. तरी प्रवासी उतरतो आणि थेट मॅनहॅटनच्या गगनचुंबी इमारतींकडे धाव घेतो. क्वीन्समध्ये राहतात ती या शहरात कष्ट करून पोट भरणारी माणसे. ७ क्रमांकाची लोकल गाडी येथे भुयारातून न जाता रस्त्यावर उभारलेल्या उंच पुलावरून धावते, त्यामुळे खिडकीतून घरांच्या गच्च्या आणि दुकानांच्या पाट्या दिसत राहतात. पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला स्पॅनिश, बंगाली, चिनी अक्षरे असतात. जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्याच्या आसपास सोन्याची, साड्यांची आणि किराणा मालाची भारतीय दुकाने आहेत. तेथून वूडसाइड आणि सनीसाइड ओलांडून गाडी ३३वा रस्ता–रॉसन या स्थानकावर येते. या लेखाचा विषय असलेले ठिकाण येथून चार पावलांवर आहे.

स्थानकाखालून थॉमसन अॅव्हेन्यू निघतो. बाजूला सनीसाइडचे १९१० साली सुरू झालेले विस्तीर्ण रेल्वे यार्ड आहे आणि त्याच्या काठाने जुन्या कारखान्यांच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. त्यांतील एक इमारत एके काळी बिस्किटांचा कारखाना होती. लूज-वाइल्स कंपनीच्या या कारखान्याला लोक ‘हजार खिडक्यांची बेकरी’ म्हणत. दुसऱ्या इमारतीत फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनी होती. मोटारींच्या फोर्डशी तिचा संबंध नव्हता. ती नौदलाच्या तोफांचा नेम धरणारी गणितयंत्रे तयार करीत असे. कारखाने गेले, इमारती राहिल्या. १९७१ साली येथे लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज सुरू झाले. शहराचे १९३४ ते १९४५ या काळातील महापौर फिओरेलो लाग्वार्डिया यांचे नाव त्याला दिलेले आहे. ज्या खिडक्यांतून भट्टीची ऊब बाहेर पडत असेल, त्या खिडक्यांआड आज लेखाशास्त्राचे आणि परिचर्येचे वर्ग भरतात. सुमारे दीडशे देशांतून आलेले विद्यार्थी येथे शिकतात.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था आपल्याकडे फारशी परिचित नाही. दोन वर्षांत ‘असोसिएट’ ही पदवी देणारे, कमी शुल्काचे, नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांना सामावून घेणारे असे हे सार्वजनिक महाविद्यालय असते. तेथून तिसऱ्या वर्षाला चार वर्षांच्या महाविद्यालयात जाता येते. लाग्वार्डिया हे न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाचे, म्हणजे ‘क्युनी’चे, एक अंग आहे. या विद्यापीठाचे मूळ १८४७ साली स्थापन झालेल्या ‘फ्री अॅकॅडमी’त सापडते. तेथे शिक्षण विनामूल्य होते. पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षांहून अधिक काळ शहराने ही परंपरा सांभाळली. १९७६ साली नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली आणि शुल्क सुरू करावे लागले.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९७४ साली, याच महाविद्यालयाच्या आवारात एक छोटे सार्वजनिक हायस्कूल सुरू झाले होते: मिडल कॉलेज हायस्कूल. त्याची कल्पना लाग्वार्डियातील प्राध्यापिका जॅनेट लीबरमन यांची. विद्यापीठाचे मोफत शिक्षण संपले, पण या शाळेतील मुलांना महाविद्यालयाचे वर्ग विनामूल्य करण्याची सोय टिकली आणि वाढत गेली.

माझी थोरली बहीण आणि दाजी बावीस वर्षांपासून क्वीन्समध्ये आहेत. दाजींचे छोटे दुकान आहे. मी सांगलीहून दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा माझी भाची या शाळेत अकरावीत होती. घरात एक प्रश्न अजून धुमसत होता. भाचीचा थोरला भाऊ एका खासगी विद्यापीठात शिकला, आणि त्याच्या शिक्षणकर्जाचे हप्ते दुकानाच्या मिळकतीतून जात होते. दुसरे तसे कर्ज दाजींना पेलणारे नव्हते. मुलीने आठवीत ही शाळा निवडली, तेव्हा ओळखीतल्या एका गृहस्थांनी दाजींना विचारले होते, “शाळा सोडू पाहणाऱ्या मुलांसाठी काढलेली शाळा तुमच्या हुशार मुलीला कशाला?”

प्रश्न निराधार नव्हता. लीबरमनबाईंनी ही शाळा खरोखरच अशा मुलांसाठी काढली होती, ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटण्याची भीती होती. त्यांचे म्हणणे असे की, पंधरा-सोळा वर्षांचे मूल आसपासच्या माणसांसारखे वागते. त्याला समवयस्क दंगेखोरांत ठेवाल तर ते तसे होईल. कष्टाने शिकणाऱ्या प्रौढांत ठेवाल तर तेही शिकू लागेल. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही आपली म्हण आपण बहुधा वाईट संगतीसाठी वापरतो. या शाळेने तीच म्हण चांगल्या संगतीसाठी वापरली, असे म्हणता येईल. २००२ नंतर देशात ‘अर्ली कॉलेज’ची चळवळ सुरू झाली आणि दहा वर्षांत अशा दोनशेहून अधिक शाळा निघाल्या, त्यांच्यापुढे याच शाळेचा नमुना होता.

भाचीची व्यवस्था मी जवळून पाहिली. सकाळी शाळेचे विषय होत. न्यूयॉर्क राज्यात शालान्त प्रमाणपत्रासाठी ४४ श्रेयांक आणि ‘रीजंट्स’ परीक्षा लागतात, त्या काही चुकत नाहीत. दुपारनंतर ती महाविद्यालयाच्या वर्गात बसे: कधी इंग्रजी निबंधलेखन, कधी समाजशास्त्र. वर्ग वेगळा काढलेला नसे. प्राध्यापक तेच, परीक्षा तीच, बाकीचे विद्यार्थी वयाने मोठे. तिच्या समाजशास्त्राच्या गटात टॅक्सी चालवणारे एक बंगाली गृहस्थ आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या, दोन मुलांची आई असलेल्या एक बाई होत्या. गटाचा अहवाल लिहायचा होता तेव्हा त्या बाई रात्रपाळी करून थेट वर्गात आल्या आणि आपला भाग पूर्ण करून आल्या. भाची मला म्हणाली, “मामा, त्यांच्यासमोर ‘मला वेळ मिळाला नाही’ असं कोणत्या तोंडानं सांगू?”

हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तिचा वर्ग पाचनंतर सुटे. म्हणून ताई सकाळीच दोन डबे भरी. भाची चारच्या आत महाविद्यालयाच्या उपाहारगृहाच्या कोपऱ्यात बसून दुसरा डबा संपवी. एकदा त्या शुश्रूषा करणाऱ्या बाईंनी कारण विचारले. नंतर त्याही त्या वेळेस आपला चहा घेऊन तिच्याशेजारी येऊन बसू लागल्या.

आता हिशेबाकडे येऊ, कारण ‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायावर व्यापाऱ्याने विसंबू नये. क्युनीच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्यातील पूर्णवेळ विद्यार्थ्याचे वार्षिक शिक्षणशुल्क ४,८०० डॉलर आहे. सुटे विषय घेतल्यास एका श्रेयांकाला २१० डॉलर पडतात. एक विषय साधारण ३ श्रेयांकांचा, म्हणजे ६३० डॉलरचा. भाचीने तोवर पाच विषय पूर्ण केले होते: १५ श्रेयांक, ३,१५० डॉलर. असोसिएट पदवीस ६० श्रेयांक लागतात. दाजींनी हे आकडे दुकानाच्या वहीच्या मागील पानावर मांडून ठेवले होते.

पण त्याच पानावर खर्चाची बाजूही होती. पहिली नोंद गुणांची. महाविद्यालयात मिळालेली श्रेणी कायमची राहते. पुढे कोणत्याही विद्यापीठात अर्ज केला की ती दाखवावी लागते. भाचीला गणिताच्या पहिल्या विषयात ‘सी’ मिळाला होता. प्राध्यापक घरी फोन करीत नाहीत. पालकांना सत्र संपल्यावर समजले. दाजी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करताना ते तिला म्हणाले, “रोजमेळात चुकीची नोंद झाली तर आपण ती खोडत नाही. खाली दुरुस्तीची नोंद घालतो.” तिने पुढच्या सत्रात त्यापुढचा गणिताचा विषय घेतला आणि ‘ए’ मिळवला. दोन्ही नोंदी तिच्या गुणपत्रकावर आज आहेत.

दुसरी नोंद श्रेयांक चालण्याची. २०१३ पासून क्युनीमध्ये ठरावीक मूलभूत विषयांचे श्रेयांक विद्यापीठाच्या कोणत्याही महाविद्यालयात ग्राह्य धरले जातात. बाहेरच्या विद्यापीठांना तसे बंधन नाही. भाचीच्या मनात असलेल्या एका खासगी विद्यापीठाने, आम्ही सर्व श्रेयांक धरू असे नाही, असे कळवले. म्हणजे जमा दिसणारी रक्कम कोणत्या पेढीवर वटेल, हे आधी विचारून घ्यावे लागते. आणि तिसरी नोंद आकड्यात न मावणारी: मोठ्या शाळांतील खेळांचे संघ, वार्षिक समारंभ, मैत्रिणींची झुंबड यांतील बरेच काही तिच्या वाट्याला आले नाही. तिने त्याची तक्रार केली नाही, पण ताईला ते सलत होते.

मी भाचीबरोबर एका दुपारी महाविद्यालयात गेलो. प्रवेशद्वाराशी ओळखपत्र दाखवून आत बसलो आणि येणारीजाणारी माणसे पाहत राहिलो. कुणाच्या अंगावर उपाहारगृहाचा गणवेश, कुणाच्या हाताला धरून लहान मूल. याच शाळेच्या जोडीला येथे १९८५ पासून इंटरनॅशनल हायस्कूल आहे. देशात नुकत्याच आलेल्या, इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी ते काढले गेले. लाग्वार्डियाने स्थापनेपासून पूर्णवेळ विद्यार्थ्यांना शिकता शिकता प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणे आवश्यक केले होते, आणि मिडल कॉलेजच्या मुलांनाही कामावर पाठवण्याची प्रथा पडली. हे ऐकताना दक्षिण महाराष्ट्रातील वाचकाला कर्मवीर भाऊराव पाटील आठवल्यावाचून राहणार नाहीत. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग घालून दिला. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहून कष्ट करीत आणि शिकत. मूल कोणाच्या सहवासात वाढते यावर त्याचे शिक्षण ठरते, हे त्यांनी पन्नास वर्षे आधी ओळखले होते.

आपल्याकडे दहावीनंतर मुले कनिष्ठ महाविद्यालयात जातात. १९७५ च्या सुमारास ही रचना आली आणि कित्येक ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारातच भरू लागले. आवार एक, पण वर्ग वेगळे. अकरावीच्या मुलाने पदवीच्या वर्गात बसावे आणि तो विषय त्याच्या पदवीत मोजला जावा, अशी वाट नाही. अमेरिकेतही ती सर्वत्र सारखी नाही. मिनेसोटा राज्याने १९८५ साली, तर वॉशिंग्टन राज्याने १९९० साली ‘रनिंग स्टार्ट’ या नावाने अशी सोय कायद्याने केली. न्यूयॉर्कमध्ये इतर शाळांतील मुलांसाठी ‘कॉलेज नाऊ’ ही विनामूल्य योजना आहे. तिचा आरंभ १९८४ साली ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात झाला. ज्या कुटुंबांची मुले तिकडे आहेत, त्यांनी आपल्या राज्यात काय आहे याची चौकशी आठवी-नववीतच करावी. शुल्क माफ असले तरी पुस्तके व प्रवास यांचा खर्च कोण करणार, श्रेयांक कोठे चालतील, आणि मूल एकटे उभे राहण्यास तयार आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. यांतील तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

या साऱ्याचा विचार करताना मला आपल्या जुन्या पेढ्या आठवतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आजोबा गादीवर शेजारी बसवीत. येणारा शेतकरी, अडत्या, दलाल त्याच्याशी मोठ्यासारखे बोलत. भाव सांगताना मुलगा चुकला तर तोटा खरा होई, आणि त्या तोट्यातून तो जे शिके ते शाळेच्या कोणत्याही इयत्तेत मिळत नसे. शिकवण्याचे शुल्क कोणी घेत नव्हते. मुलावर टाकलेला विश्वास हीच त्यातली मुख्य गोष्ट होती. थॉमसन मार्गावरील शाळा विद्येच्या बाबतीत तेच करते. फरक इतकाच की, आपल्या गादीवर बहुतेक वेळा मुलगेच बसले, आणि त्या वर्गात माझी भाची बसली.

मी परतलो तेव्हा निर्णय झालेला नव्हता. क्युनीच्या एखाद्या चार वर्षांच्या महाविद्यालयात गेली तर तिचे बहुतेक श्रेयांक धरले जातील आणि दाजींवर कर्जाचा भार पडणार नाही. खासगी विद्यापीठात गेली तर नाव मोठे, पण मिळवलेल्यातले बरेच सोडून द्यावे लागेल. पूर्वी अशा वेळी दाजी आणि मी बसून ठरवले असते. या वेळी वही भाचीसमोर उघडी होती आणि दोन्ही बाजूंचे आकडे ती स्वतः भरीत होती. दाजी शेजारी बसून पाहत होते, आणि एकदाही त्यांनी तिच्या हातून पेन घेतले नाही.