पांचव्या संघास जागा

पार्क मैदानाजवळ सायंकाळीं आम्हां चार-पांच शिक्षकांची बैठक जमत असे. 2018 सालीं रणजी करंडकाच्या स्पर्धेंत नऊ नवे संघ येऊन एकूण 37 झाले, तेव्हां त्या बैठकींत मोठी रणधुमाळी माजली. ‘मेघालय, मिझोराम यांस घेतल्यानें खेळाचा दर्जा उतरेल’, या पक्षाचा पुरस्कर्ता प्रस्तुत लेखकच होता. ‘पात्रापात्रविवेक’ हा शब्दही मी मास्तरी थाटांत फेंकला.

माझे वडील बंधु शांतपणें म्हणाले, “अरे, मग हजारे कोठें खेळले असते?”

मी निरुत्तर झालों. मुंबईची स्पर्धा 1907 त तिरंगी, 1912 त चौरंगी व 1937 त पंचरंगी झाली. पांचवा संघ ‘इतरां’चा, ख्रिस्ती वगैरे ज्यांस अन्यत्र स्थान नव्हतें त्यांचा. 1943 च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघाच्या 581 धावांपुढें तो डावानें हरला खरा. पण त्याच्या दुसऱ्या डावांतील 387 धावांपैकीं 309 एकट्या विजय हजारे यांच्या, आपल्या सांगलीच्या! धर्मावरून संघ पाडणें गैरच; ती स्पर्धा 1946 नंतर बंद पडली हें योग्यच झालें. परंतु दार उघडण्याचा प्रश्न निराळा.

बंधूंस ठाऊक नसलेली एक गोष्ट त्या रात्रीं मला आठवत राहिली. शालेय सामन्यांच्या समितीवर असतां एका खेड्यांतील शाळेचा अर्ज मी ‘पुढील वर्षीं पाहूं’ म्हणून बाजूस सारला होता. तीं मुलें दहावीचीं होतीं. त्यांस पुढील वर्ष नव्हतें. अर्ज घेऊन आलेले त्यांचे मास्तर दुपारच्या एस्. टी. नें परत गेले. त्यांस चहा विचारण्याचेंही मला सुचलें नाहीं.