प्रशिक्षकाचे माप

भारतीय क्रिकेट संघाने २०२३ च्या विश्वचषकात सलग दहा सामने जिंकले आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत अकरावा, म्हणजे अंतिम सामना गमावला. प्रशिक्षक राहुल द्रविड यांची मुदतही त्या स्पर्धेबरोबर संपत होती. त्यांना ठेवावे की नको, यावर आमच्या के. आर. पुरममध्ये घरोघरी वाद रंगले. द्रविड मराठी कुटुंबातले आणि वाढले बंगळूरात; तेव्हा येथील आम्हां मराठी माणसांना त्यांचा दुहेरी अभिमान!

मी २०१८ ची आठवण दिली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली एकोणीस वर्षांखालील संघ विश्वविजेता झाला. मंडळाने त्यांना ५० लाख आणि साहाय्यकांना प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. हा भेद त्यांना रुचला नाही; अखेर सर्वांना २५ लाख मिळाले.

दूरध्वनी कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, "अहो, भलेपणाने चषक येत नाही."

त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नव्हते. मात्र प्रशिक्षक स्वतः फलंदाजीला उतरत नाही, हे आपण चाहते सोयीने विसरतो. दहा विजय खेळाडूंचे आणि एक पराभव तेवढा त्याचा, हा कुठला हिशेब?

मंडळाने त्यांची मुदत वाढवली. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये भारताने सात धावांनी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. याच वेस्ट इंडीजमध्ये २००७ साली कर्णधार द्रविड यांचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला होता. आता काकाही त्यांना ठेवा म्हणू लागले. पण द्रविड यांची वाढीव मुदत त्याच सामन्याबरोबर संपली होती.