80 दिवसांचं गणित

पाच वर्षं फ्रीलान्सिंग केलं की दोन गोष्टींचं जाम अप्रूप वाटायला लागतं: एक तारखेला येणारा पगार आणि भरपगारी रजा. एप्रिलमध्ये दोन्हीची सोय करणारी ऑफर आली. अंधेरीतलं चकाचक ऑफिस, कंटेंट एडिटरची पोस्ट. आणि मला नुकताच तिसरा महिना लागलेला!

आई म्हणाली, ‘आधी रुजू हो, मग सांग.’ मैत्रिणींचा फंडाही तोच. एकीने तर प्रोबेशनवर मॅटर्निटी लीव्ह मिळतच नाही, असं छातीठोकपणे सांगून टाकलं. म्हटलं, कायदाच वाचू या की.

1961चा मॅटर्निटी बेनिफिट कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाली, पण कळीची अट जुनीच आहे. ड्यू डेटच्या आधीच्या 12 महिन्यांत त्याच कंपनीत किमान 80 दिवस काम. प्रोबेशन की कन्फर्म, हा भेद त्यात नाही. 80 भरले की पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे पगारी रजा. पाच दिवसांचा आठवडा धरला तर 80 दिवस म्हणजे 16 आठवडे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रुजू झालेलीचं गणित आरामात बसतं, सातव्यात झालेलीचं नाही. आधीच्या नोकरीतले दिवस धरत नाहीत. फ्रीलान्सिंगचे तर सोडाच!

वाचता वाचता नीरा माथूर भेटल्या. 1989मध्ये त्या एलआयसीत लागल्या, बाळंतपणाची रजा घेतली आणि प्रोबेशनवर असतानाच फेब्रुवारी 1990मध्ये त्यांना काढून टाकलं. कारण काय, तर नोकरीच्या वेळी भरलेल्या फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली. त्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली! 1991मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि असले रकाने काढायला सांगितले.

मी एचआरला सांगायचं ठरवलं. सक्ती नव्हती, पण रोज ओढणी सावरत मीटिंगला बसणं आपल्याला जमणारं नाही. पलीकडून ‘काँग्रॅट्स!’ वगैरे झालं. दोन दिवसांनी फोन. ‘तुम्हाला रिटेनर जास्त सोयीचा पडेल ना? फ्लेक्सिबिलिटी राहील.’ रक्कम तीच, काम तेच. नवरा म्हणाला, ‘पैसे तेवढेच आहेत, घे की.’

पण रिटेनर म्हणजे कंपनीच्या लेखी मी कर्मचारीच नाही. 80 दिवसांचं मीटर सुरूच होणार नाही. माझ्या पगाराला ईएसआय लागू नव्हतं, त्यामुळे 26 आठवड्यांचा पगार थेट कंपनीच्या खिशातून जाणार होता. सरकार त्यात वाटा उचलत नाही, तेव्हा छोट्या कंपनीच्या पोटात गोळा येतो, हे मला कळतं. मग तसं सरळ बोला ना! माझ्याच सोयीचं नाव कशाला? मॅटर्निटीचा हा कायदा आत शिरलेलीचं रक्षण करतो. दारात उभी असलेलीला मात्र असं गोड बोलून वळवता येतं.

पेरोलवर घेणार असाल तर येते, असं मी कळवलं. उत्तर आलं, ‘पोझिशन सध्या होल्डवर आहे.’

आता सातवा लागलाय. पाठदुखी, डोहाळजेवणाची यादी आणि डेडलाइन्स, सगळं एकदम चाललंय. आजवरचा अनुभव बघता या लेखाचं मानधन बारशापर्यंत यावं.