राउहोइत्ता

धाकट्या बहिणीचे मूल जन्मण्याआधीच गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी, फिनलंडमधल्या एस्पो शहरात पोचले. वीस वर्षे साहित्य शिकवलेले. तिच्यासाठी शब्द कमी पडणार नाहीत, असा एक सुप्त अहंकार मनात होता. तो आठवडाभरात उतरला. मी समजूत घालत राहिले, ती ऐकत राहिली. एका संध्याकाळी म्हणाली, "ताई, समजतंय गं मला सगळं. समजूनही रडू येतंच ना."

मग मी गप्प झाले आणि तिची फिनिश शिकण्याची पुस्तके चाळू लागले. तिथे हे क्रियापद भेटले : राउहोइत्ता. 'राउहा' म्हणजे शांतता. तिला प्रयोजक प्रत्यय लागून 'शांत करणे'. रडणारे मूल असो वा बिथरलेला घोडा, दोघांनाही ते चालते. शब्दांनी धीर देण्यासाठी 'लोहदुत्ता' हे वेगळे क्रियापद त्या भाषेत आहेच. आपल्या 'सांत्वना'च्या मुळाशी गोड बोलणे आहे, 'समजुती'च्या मुळाशी समजणे. राउहोइत्तामध्ये बोलणे गृहीत धरलेले नाही.

पण मला थबकवले ते त्याच्या दुसऱ्या अर्थाने. एखाद्या प्राण्याला वा वनस्पतीला कायद्याने संरक्षण देणे, यालाही फिनिश माणूस राउहोइत्ताच म्हणतो. साइमा सरोवरातल्या सीलना १९५५ साली असे संरक्षण मिळाले. शिकारबंदीच्या काळाचे नावही याच धातूवरून आलेले. फिरायला जाताना एका जुन्या पाइन वृक्षाशी पाटी दिसली : 'राउहोइतेत्तु'. शब्दशः 'शांत केलेला'. बहिणीने सांगितले, "याला कुणी हात लावायचा नाही, असा अर्थ." आपल्या अभयारण्यातले 'अभय' मला आठवले. शांत करणे म्हणजे त्या जिवामागचा ससेमिरा थांबवणे, हा अर्थ मला तोवर सुचलाच नव्हता. आणि त्या घरात तिच्यामागे लागलेला ससेमिरा माझाच होता.

या क्रियापदाचे व्याकरणही प्रामाणिक आहे. 'मुलाला शांत केले' हे सांगताना मूल खरोखर शांत झाले असेल, तर कर्म 'लाप्सेन' असे येते. नुसता प्रयत्न चालू होता, तर अंशवाचक विभक्तीत, 'लास्ता' असे. क्रियापद तेच, काळ तोच. यश आले की नाही, हे विभक्ती सांगते. मराठीत हा भेद करता येत नाही असे नाही. 'शांत करत होते' असे आपणही म्हणतो. पण तिथे तो कर्माच्या रूपातच नोंदवावा लागतो, म्हणजे ज्याला शांत करायचे त्याच्यापाशीच. सांत्वनाच्या प्रत्येक भेटीनंतर आपण मनात कोणती विभक्ती लावून घरी परततो?

उरलेले तीन आठवडे मी फारसे बोलले नाही. स्वयंपाक केला, तिच्या केसांना तेल लावले, येणारे फोन मी घेतले. ती शांत झाली, असा माझा दावा नाही.

आता प्रयोजक क्रियापदे शिकवताना मी फळ्यावर 'निवणे – निवविणे' लिहिते. दूध निववायचे म्हणजे आपण करतो तरी काय? विस्तवावरून उतरवतो, वर जाळी झाकतो आणि बाजूला होतो. निवायचे ते त्याचे तेच निवते. आपला शब्द इतकी वर्षे घरातच होता. तो मला दिसला मात्र एस्पोहून परतल्यावर.