माथेरान उघडलं, पण घोड्याचं पोट बंद कधी होतं?



आज पाडवा, १६ नोव्हेंबर २०२०. आठ महिन्यांनी आपलं शिवमंदिर उघडलं. सकाळीच जाऊन आलो. मास्क लावून, लांब लांब उभं राहून का होईना, दर्शन झालं. बाहेर बेल-फुलंवाल्या मावशी बसल्या होत्या, पण टोपली अर्धीच. विचारलं तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक किती येतंय कुणाला ठाव? फुलं काय उद्यापर्यंत थांबत नाय." त्यावरून मागच्या रविवारचं माथेरान आठवलं. लिहायचं राहिलं होतं, आज लिहितो.

माथेरानला मी फिरायला नव्हतो गेलो. उधारी मागायला गेलो होतो. शिमग्याच्या आधी तिथल्या एका घोडेवाल्याला टेम्पोभर सुकं गवत दिलं होतं. पाच हजार रोख मिळाले, अकरा हजार राहिले. पुढं मार्चात सगळंच बंद झालं. मीही मागितले नाहीत. पण आता इकडं भातकापणी उरकत आलीय, गवत कापायला माणसं लावायचीत, आणि ऑक्टोबरच्या पावसानं शेतात आडवं पडलेलं भात हातात निम्मंच आलं. पेंढा तर भिजून काळा पडला. मजुरी कुठून द्यायची?

लोकल अजून आपल्यासारख्यांना बंद. बायकांना नवरात्रात सुरू झाली. घरची हसून म्हणाली, "मीच जाऊन वसूल करून आणते." शेवटी मुलाची मोटारसायकल घेतली. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ आणि मग घाट. दस्तुरीला बघतो तर गाड्यांची ही रांग! माथेरान सप्टेंबरातच उघडलंय, पण अमन लॉजची शटल ४ नोव्हेंबरला सुरू झाली आणि गर्दी खरी तेव्हापासून. नेरळहून वर येणारी गाडी मात्र २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यापासून बंदच आहे. दस्तुरीच्या पुढं मोटार जात नाही. माणूस एक तर पायी, नाही तर शटलनं, घोड्यावर किंवा हातरिक्षात. कपाळाला ते पिस्तुलासारखं यंत्र लावून ताप बघितला, कर भरला आणि रुळाच्या कडेनं चालत निघालो.

लाल मातीत माणसांच्या पावलांपेक्षा खुरांचे ठसे जास्त. बाजारात चिक्कीची, चपलांची दुकानं कुठं उघडी, कुठं कुलूप. एका हॉटेलच्या ओट्यावर गादी वाळत घातलेली. माकडं मात्र पिशवीकडं आधीपेक्षा जास्त टक लावून बघत होती.

घोडेवाला भेटला. मला बघून त्याचा चेहरा पडला. मलाही बरं वाटलं नाही.

"दादा, मीच येणार होतो," म्हणाला.

त्याच्याकडं तीन घोडे होते. एक विकला. उरलेल्या दोघांच्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या. सगळं बंद असताना कुणी कुणी चारा-भुसा वाटून गेलं. तेवढ्यावर काही दिवस निघाले. बाकीचा खर्च बायकोचे डूल गहाण टाकून केला.

तो म्हणाला, "दादा, हॉटेलवाल्यानं कुलूप लावलं. धंदा बुडाला, पण कुलूप काय खायला मागत नाही. घोड्याला कुठलं कुलूप लावू?"

यावर मी काय बोलणार? आपल्या गोठ्यातली म्हैस तरी लॉकडाऊनमध्ये थांबली का? सोसायट्यांच्या गेटवर उभं राहून भेंडी विकली, ती म्हशीच्या पेंडीसाठीच.

तेवढ्यात एक कुटुंब आलं. पॉइंट दाखवायचे किती, यावर बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी पन्नास रुपयांवरून ते चालत गेले. त्यांचंही चुकलं म्हणत नाही, पगार त्यांचेही कापले असतील. पण मघाशी गर्दी बघून मला वाटलं होतं की आता याचे दिवस आले. ते तसं नसतं. आजची कमाई आधी मागच्या आठ महिन्यांच्या चाऱ्याला जाते. मग डूल सोडवायचे. आज घोडा काय खाणार, हे त्याच्यानंतर.

त्यानं आतल्या खिशातून दोन हजार काढून दिले. मी घेतले. खोटं कशाला सांगू, मलाही गरज होती. नऊ हजार राहिले.

येताना घाटात डोक्यात एक विचार आला होता. तो काळा पडलेला पेंढा घरी पडलाय, स्वस्तात याला देऊन टाकावा. पण नाही. बुरशी धरलेल्या चाऱ्यानं घोड्याच्या पोटात कळ उठते आणि त्यात घोडा जातोसुद्धा. गाय-म्हशीलाही तसला चारा वाईटच, पण घोड्याचं पोट त्याहून नाजूक. तो पेंढा खताच्या खड्ड्यात टाकला.

घरी येऊन सांगितलं की नवं गवत सुकलं की अर्धा टेम्पो त्यालाच देणार. निम्मे रोख, निम्मे उन्हाळ्यात. घरची म्हणाली, "आधीचे नऊ आले नाहीत, वर आणखी?" तिचं बरोबर आहे. पण हाडं निघालेल्या घोड्यावर गिऱ्हाईक बसत नाही. गिऱ्हाईक नाही बसलं तर माझे नऊ हजारही बुडाले. आता मजूर कमी लावतोय, मी आणि मुलगा दोघंच बांधाकडचं गवत कापतोय. कंबर बोलते, पण होईल.

माथेरानला कुणी जाणार असाल तर मास्क लावून जा. घोडा केलात तर आधी त्याच्या फासळ्या बघा, मग भाव करा.

आणि आपल्या लोकांना सांगणं, पहाटे दव पडतंय. कापलेलं गवत पुरतं सुकल्याशिवाय गंजी लावू नका. वरून ताडपत्री टाका. काळं पडलेलं गवत चांगल्या भाऱ्यात लपवून विकू नका, समोरच्याचं जनावर जातं.

दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा.