दोरी बघितली का?

आमचे अब्बा रत्नागिरीच्या बंदरात तांडेल होते. आम्हा दोघा भावांवर होडीवर जायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी आम्हाला शिकवलं. आम्ही शिकलो, दुबईत नोकरीला लागलो आणि इथे येऊन पदरचे पैसे घालून समुद्रात जाऊ लागलो. हे त्यांना सांगायची हिंमत आम्हाला दोन वर्षं झाली नाही.

हा छंद विंडसर्फिंगचा. एक फळी, तिच्यावर कुठेही कलणारी डोलकाठी, शीड आणि शिडाला दोन्ही बाजूंनी वळसा घालणारी दांडी. या दांडीला बूम म्हणतात. सुकाणू नाही. काठी पुढे कलवली की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवली की वाऱ्याकडे. दुबईचा किनारा वायव्येला तोंड करून आहे. दुपारनंतर त्याच दिशेचा वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे येतो. शनिवारी असर पढून आम्ही पाण्यात उतरायचो आणि मगरिबच्या आधी बाहेर पडायचो.

अडचण एकच होती. पंधरा-वीस मिनिटांत हात भरून यायचे, मुठी उघडेनात. त्यावरचा उपाय म्हणजे हार्नेस. कमरेला किंवा मांड्यांना बांधायचा पट्टा, त्याला पुढे हूक. बूमच्या दोन्ही बाजूंना एकेक दोरी अर्धगोल लोंबत असते, ती हार्नेस लाइन. ती हुकात अडकवली की शिडाची ओढ हातांवर न येता अंगाच्या वजनावर येते. १९७० च्या दशकात हवाईच्या समुद्रात ही युक्ती रुजली आणि माणसं तासन्‌तास शीड धरू लागली.

आम्ही सगळं सामान जुनं घेतलं. हार्नेस मांड्यांचा होता, लाइन २२ इंचांच्या. दोरी ती दोरीच, तिच्यात काय बघायचं, असं आम्हाला वाटलं. मांड्यांच्या हार्नेसचा हूक खाली असतो, त्याला लांब दोरी लागते, हे ठाऊक नव्हतं. आखूड दोरीमुळे आम्ही शिडाला चिकटल्यासारखे उभे राहायचो. मागे झुकता येईना, हूक चटकन सुटेना.

एका शनिवारी वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि धाकटा शिडासकट पुढे फेकला गेला. शीड वर, तो खाली. अंगातलं जॅकेट त्याला वर ढकलतंय आणि वर शिडाचं कापड. घाबरून तो गिरकी घेऊन पालथा झाला, तशी दोरी हुकाभोवती पिळली गेली. मोठा पोहत जाऊन शिडाचं टोक उचलेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. जास्त नसेल. पण त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

पुढच्याच महिन्यात अब्बा-अम्मी दोन महिन्यांसाठी आले. बाल्कनीत शीड गुंडाळून ठेवलेलं होतं. अब्बांना ते काय आहे हे सांगावं लागलंच नाही. आम्ही सगळं कबूल केलं, शिडाखालचा प्रकारही. अम्मी रडली. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी लाइन हातात घेतली. तिच्यावर प्लॅस्टिकची नळी असते. ती त्यांनी बोटाने मागे सरकवली. आतली दोरी टोकापाशी घासून अर्धी झाली होती.

“वरून चकचकीत आहे म्हणून विश्वास ठेवलात?” एवढंच म्हणाले.

आम्हाला वाटलं, आता हे बंद होणार. पण शनिवारी ते आमच्याबरोबर किनाऱ्यावर आले. आम्ही नव्या लाइन आणल्या होत्या, २४ ते ३० इंचांपर्यंत कमी-जास्त होणाऱ्या. सुरुवातीच्या मापाचा ठोकताळा सोपा आहे: लोंबत्या दोरीच्या तळाशी कोपर ठेवायचं, बूम मनगटाच्या आसपास यावा. आमच्या हार्नेसला त्याहून थोडी जास्त लागली. फार लांब केली तर हूक आपोआप निसटतो, तेही त्रासाचंच.

ती बांधायची कुठे, हे अब्बांनी दाखवलं. त्यांनी वाळूत उभं राहून शीड वाऱ्यात धरलं आणि हात एकेक बोट सरकवत गेले. पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावर शीड एका हातावर स्थिर झालं. म्हणाले, “शीड इथं भांडत नाही. दोरीचा मध्य इथं आला पाहिजे.” आम्ही दोन्ही टोकं त्या जागेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर बांधली आणि वितीने मोजून पलीकडची लाइनही तशीच लावली. बूमची उंची खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये ठेवली.

बाकीचं पाण्यात कळतं. मागचा हात दुखू लागला तर लाइन थोडी मागे घ्यायची, पुढचा दुखला तर पुढे. शीड मोठं लावलं की ओढ मागे सरकते, लाइनही सरकवावी लागते. आणि शिडाखाली सापडलंच, तर गिरक्या घ्यायच्या नाहीत. एका हाताने कापड वर ढकलून श्वासापुरती जागा करायची, दुसरा हात थेट हुकावर न्यायचा. हे आम्ही त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात, अब्बांच्या नजरेसमोर, प्रत्येकी दहा वेळा केलं.

संध्याकाळी धाकट्याने न राहवून विचारलं, “अब्बा, तुम्ही आम्हाला समुद्रापासून लांब ठेवलंत. मग आता रागावला का नाहीत?”

ते जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले. “पोटासाठी जाताना वारा बघून परत फिरता येत नाही रे. तुम्हाला परत फिरता येतं. ते विसरू नका, म्हणजे झालं.”

अब्बा आता रत्नागिरीत असतात. बूमवर त्यांनी लावलेल्या चिकटपट्टीच्या खुणा अजून आहेत. शनिवारी दुपारी त्यांचा फोन येतो. वाऱ्याची चौकशी नाही, तब्येतीचीही नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “दोरी बघितली का?”

आम्ही नळी सरकवून आतली दोरी बघतो, आणि मगच हो म्हणतो.